सात आसनी एसयूव्ही कशी निवडावी : खानदेशातील नव्या ग्राहकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पहिल्यांदाच सात आसनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला शोरूममध्ये जे दाखवले जाते, ते बहुतेक पुढच्या दोन आसनांभोवतीचे असते. मोठा पडदा, काचेचे छप्पर, गार हवा देणारी आसने, आवाजी सूचनांवर चालणारी यंत्रणा हे सर्व चालकाजवळ बसून पाहिले जाते आणि तेवढ्यावर मन बनते. प्रत्यक्षात पाच आसनी गाडीपेक्षा जे जास्तीचे पैसे आपण मोजतो, ते मागच्या रांगेसाठी मोजतो. म्हणून या गाडीची पाहणी मागच्या रांगेपासून सुरू करावी आणि पुढच्या आसनाशी संपवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानदेशाच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गाडी पूर्ण भरण्याचे प्रसंग जवळपास ठरलेले असतात. चैत्रात सप्तशृंगी गडावर जाणे होते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकींना आणि नातवंडांना माहेरी आणायचे असते, त्याच सुमारास लग्नसराई ऐन भरात असते आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईसाठी सारी भाऊबंदकी मूळ गावी जमते. यांतल्या पहिल्या प्रसंगी घाट चढायचा असतो, आखाजी-लग्नसराईत पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि कानबाईच्या वेळी गावाकडच्या रस्त्याला काळ्या मातीचा चिखल असतो. म्हणजे गाडीत सात माणसे बसतात, नेमक्या त्याच दिवसांत तिच्यावर सर्वांत जास्त ताण पडतो. रिकाम्या गाडीत, गुळगुळीत रस्त्यावर, दहा मिनिटांच्या फेरीत यांतले काहीच कळत नाही. पुढच्या सर्व पायऱ्या ही गोष्ट धरून लिहिल्या आहेत.

पायरी पहिली : घरातील माणसे आणि फेऱ्या कागदावर लिहा

कोणतीही गाडी पाहण्याआधी घरी बसून एक यादी करावी. रोज कोण बसणार, आठवड्यातून एकदा कोण बसणार, वर्षातून मोजक्या वेळी कोण बसणार, त्यांची वये काय, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला गाडी लागते, लहान मुले किती आणि पाच वर्षांनी ती केवढी होतील, हे सर्व त्यात यावे. शेवटचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. आज तिसऱ्या रांगेत मजेत बसणारा आठ वर्षांचा मुलगा गाडीचे हप्ते फिटेपर्यंत उंचापुरा झालेला असतो.

या यादीतून साधारण तीन प्रकारची घरे दिसतात. रोज चार जण आणि सणावाराला सात, अशा घराने तिसरी रांग सपाट दुमडून डिकी किती मोठी होते याला अधिक महत्त्व द्यावे. आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुले असे सहा जण नेहमी एकत्र प्रवास करत असतील, तर मागे मुले बसतील हे धरून मधल्या रांगेच्या आरामाकडे आणि मागे जाण्याच्या वाटेकडे पाहावे. सात मोठी माणसे वारंवार लांबच्या प्रवासाला जात असतील, तर मात्र एसयूव्हीचा आग्रह धरावा का, याचाच आधी विचार करावा. टोयोटा इनोव्हा, मारुती एर्टिगा, किया कॅरेन्स या धाटणीच्या गाड्या दिसायला तितक्या रांगड्या नसतात, पण त्यांची मांडणी मुळात तीन रांगांसाठी केलेली असते. उंच बोनेट आणि रुंद टायर यांमुळे मागच्या माणसाच्या गुडघ्यांना एक इंचही जागा जास्त मिळत नाही.

पायरी दुसरी : गाड्यांचे मूळ प्रकार समजून घ्या

बाजारातील सात आसनी गाड्या त्यांच्या सांगाड्यावरून दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात मजबूत लोखंडी चेसिस वेगळी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. महिंद्राच्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ-एन, टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनर या त्या प्रकारच्या गाड्या आहेत. दुसऱ्या गटात चेसिस आणि बॉडी एकच असते, त्याला मोनोकॉक म्हणतात; टाटा सफारी, महिंद्रा एक्सयूव्ही ७००, ह्युंदाई अल्काझार, एमजी हेक्टर प्लस, किया कॅरेन्स, इनोव्हा हायक्रॉस आणि एर्टिगा या गटात येतात.

चेसिसवरची गाडी खराब रस्त्यावरचा मार वर्षानुवर्षे सोसते, पण तिची आतली जमीन उंच असते, त्यामुळे चढणे-उतरणे कष्टाचे होते आणि मागच्या रांगेत गुडघे छातीशी येतात. मोनोकॉक गाडी महामार्गावर स्थिर चालते, वळणावर कमी झुकते आणि आतली जागा अधिक चांगली वापरते. ज्यांची रोजची वाट शेतातून, नाल्यातून किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून जाते, त्यांनी पहिल्या गटाकडे वळावे. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर असा डांबरी रस्त्यावरचा वावर असणाऱ्या कुटुंबाला दुसरा गट अधिक सुखाचा ठरतो.

लांबी-रुंदीही याच वेळी पाहावी. स्कॉर्पिओ-एन, सफारी आणि एक्सयूव्ही ७०० या तिन्ही गाड्या सुमारे ४.७ मीटर लांब आणि आरसे सोडून १.९ मीटरच्या आसपास रुंद आहेत. एर्टिगा सुमारे ४.४ मीटर लांब आणि सुमारे १.७ मीटर रुंद आहे. जुन्या पेठेत किंवा गावठाणात घर असेल, तर फाटकाची आणि गल्लीतील सर्वांत अरुंद जागेची रुंदी टेपने मोजून घ्यावी आणि आरशांसाठी दोन्ही बाजूंना किमान एकेक वीत सोडून हिशेब करावा. गाडी दारात आल्यावर फाटक तोडण्यापेक्षा हे सोपे आहे.

पायरी तिसरी : तिसऱ्या रांगेत बसून पाहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा आणि शोरूममध्ये जाताना घरातील वयस्कर माणसाला व सर्वांत उंच माणसाला सोबत न्यावे. आधी चालकाचे आसन आपल्या उंचीप्रमाणे लावावे. त्यानंतर मधल्या रांगेत एक मोठा माणूस आरामात बसवावा आणि मगच मागे जाऊन बसावे. विक्रेता अनेकदा मधले आसन पूर्ण पुढे सरकवून मागची जागा दाखवतो. त्या स्थितीत मधल्या रांगेत कोणीच बसू शकत नाही, हे तेव्हा ध्यानात येत नाही.

मागे बसल्यावर पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात. पाय पुढच्या आसनाखाली सरकतात का, मांड्यांना आसनाचा आधार मिळतो का की गुडघे वर उचललेले राहतात, डोके छताला टेकते का, आणि डोक्यामागचा आधार बसणाऱ्याच्या डोक्यापर्यंत खरोखर वर येतो का. काचेचे मोठे छप्पर असलेल्या काही गाड्यांत ते छत सामावण्यासाठी आतली उंची थोडी कमी झालेली असते, म्हणून एकाच गाडीचे काचेचे छप्पर असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकार बसून पाहावेत. मागे किमान पंधरा मिनिटे बसून राहावे. पहिल्या मिनिटाला ठीक वाटणारी जागा दहाव्या मिनिटाला कमरेला सांगू लागते, आणि जळगावहून नाशिकपर्यंतचा प्रवास तर काही तासांचा असतो.

मागे जाण्याची वाट हा याच पायरीचा दुसरा भाग आहे. काही गाड्यांत मधले आसन एका खटक्याने दुमडून पुढे उलटते, काहींत ते फक्त पुढे सरकते आणि फटीतून अंग चोरून जावे लागते. सहा आसनी प्रकारात मधे दोन स्वतंत्र आसने असतात, त्यांना कॅप्टन सीट म्हणतात, आणि त्यांच्यामधून मागे चालत जाता येते. त्यात एक जागा कमी होते, पण ज्या घरात मागची रांग रोज वापरली जाणार आहे तेथे हा सौदा फायद्याचा असतो. आसन उलटवण्याचा खटका घरातील बाईमाणसाला आणि शाळकरी मुलाला एका हाताने ओढता येतो का, हे त्यांच्याकडूनच करवून पाहावे.

वयस्कर माणसाची चढ-उतर तर बारकाईने पाहण्यासारखी असते. आजी आधी दाराला धरतात, मग उजवा पाय उचलून पायरीवर ठेवू पाहतात, पाय अर्ध्यावर थांबतो, हात वरचे हँडल शोधतो आणि ते नसेल तर पुढच्या आसनाच्या पाठीला घट्ट धरून अंग आत ओढले जाते. या एका हालचालीतून गाडीची जमीन किती उंच आहे, हँडल योग्य जागी आहे का, दार पुरेसे उघडते का आणि लुगड्याचा किंवा साडीचा घोळ कोठे अडकतो, या चारही गोष्टी एकदम कळतात. बाजूने पायरी बसवून घेता येते, पण ती रुंद आणि खरखरीत असावी. पावसात चपलेला चिखल असताना गुळगुळीत पायरी घात करते. उतरण्याचीही अशीच तपासणी करावी, कारण दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते.

तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळपास वर येते, म्हणून खड्ड्याचा हादरा तेथे सर्वांत जास्त बसतो. खिडकीही लहान असते. ज्यांना गाडी लागते, त्यांना घाटात तेथे बसवू नये आणि ज्या घरात असे दोन-तीन जण आहेत, त्या घराने मागे मोठी काच असलेली गाडी निवडावी. काही जुन्या धाटणीच्या गाड्यांत मागे समोरासमोर तोंड करून बसण्याची आडवी आसने असतात. अपघातात पट्टा पुढे, गाडीच्या दिशेने तोंड करून बसलेल्या माणसाला जसा धरून ठेवतो, तसा आडव्या बसलेल्या माणसाला धरू शकत नाही, म्हणून कुटुंबासाठी ती मी सुचवणार नाही.

पायरी चौथी : सात माणसे बसल्यावर सामान कोठे जाणार?

सात आसनी गाडीच्या जाहिरातीत डिकीचा मोठा आकडा दिलेला असतो, तो अनेकदा तिसरी रांग दुमडल्यानंतरचा असतो. तिन्ही रांगा उभ्या असतानाचा आकडा वेगळा मागून घ्यावा. एर्टिगामध्ये ही जागा २०९ लिटर आहे, अल्काझारमध्ये १८० लिटर, तर चार मीटरच्या आत बसणाऱ्या रेनॉ ट्रायबरमध्ये ८४ लिटर. त्याच ट्रायबरची तिसरी रांग काढून ठेवली की ६२५ लिटर जागा मिळते. यावरून फरक किती असतो ते दिसते. सात माणसांचे दोन दिवसांचे कपडे, पाण्याचा जार आणि माहेरहून परतताना मिळालेले डाळ-दाण्याचे गाठोडे ८४ लिटरमध्ये मावणार नाही.

शोरूममध्ये जाताना घरातील दोन नेहमीच्या बॅगा सोबत न्याव्यात आणि तिन्ही रांगा उभ्या ठेवून त्या मागे बसवून, दार लावून पाहावे. एर्टिगासारख्या गाडीत कंपनीने बसवलेली सीएनजीची टाकी घेतली, तर ती याच जागेत येते आणि सातांचे सामान जवळपास बाहेर राहते. टपावर कॅरिअर लावण्याचा विचार असेल, तर टपावर किती किलो चालतात ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. ती मर्यादा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी असते आणि उंच गाडीच्या टपावरचे वजन तिला वळणावर अधिक झुकवते.

वजनाचाही हिशेब एकदा करून पाहावा. सरासरी ६५ किलोची सात माणसे म्हणजे ४५५ किलो, त्यावर सामान ७०-८० किलो. पुस्तिकेत गाडीचे रिकामे वजन आणि कमाल भारासहित वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातील फरक म्हणजे गाडी वाहू शकते ते ओझे. तो आकडा सव्वापाचशेच्या आसपास असेल, तर गाडी सात माणसांतच भरली असे समजावे.

पायरी पाचवी : दुपारी दोन वाजता एसी तपासा

खानदेशात ही पायरी कोणीही गाळू नये. चाचणीची फेरी सकाळी किंवा संध्याकाळी न ठेवता उन्हाच्या वेळी मागावी, गाडी अर्धा तास उन्हात उभी करून ठेवावी, मग सर्वांनी बसून एसी लावावा आणि मागच्या रांगेत गारवा पोहोचायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. पुढे थंडी वाजत असताना मागे घाम येत असेल, तर आखाजीच्या प्रवासात मागची मुले आणि म्हातारी माणसे हैराण होणार हे नक्की.

मागच्या रांगेसाठी हवेची जाळी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. काही गाड्यांत मागच्या भागासाठी थंडावा निर्माण करणारे वेगळे कॉइल असते, तर काहींत फक्त पंखा असतो आणि तो आतलीच हवा मागे ढकलतो. पहिल्या प्रकाराने सात माणसांची गाडी खरोखर गार होते. हा प्रश्न विक्रेत्याला थेट विचारावा आणि उत्तर मोघम आले तर सर्व्हिस विभागातील माणसाला विचारावे. मागच्या पंख्याचा वेग मागे बसलेल्यालाच कमी-जास्त करता येणे हीदेखील मोठी सोय आहे.

गडद काळी फिल्म लावून उन्हावर मात करता येत नाही. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. मागच्या खिडक्यांना ओढून घेण्याच्या जाळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. काचेच्या मोठ्या छपरापेक्षा साधे छत आपल्या भागातील उन्हाळ्याला अधिक योग्य आहे, आणि फिका रंग गडद रंगापेक्षा कमी तापतो.

पायरी सहावी : इंजिन, घाट आणि चिखल

रिकाम्या गाडीत प्रत्येक इंजिन दमदार वाटते. चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट, शिरपूरच्या पुढे पळासनेरनंतरचा बिजासन घाट, सुरतेच्या वाटेवरचा कोंडाईबारी घाट किंवा शहाद्याहून तोरणमाळची चढण, यांपैकी जो आपल्या वाटेवर नेहमी येतो तो मनात धरून इंजिन निवडावे. चढणीवर अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, कामाला येतो, आणि त्या बाबतीत डिझेल इंजिन किंवा टर्बो पेट्रोल इंजिन साध्या पेट्रोल इंजिनापेक्षा सरस असते. एर्टिगासारख्या साध्या पेट्रोल गाडीतही घाट चढतो, पण सात माणसे असताना गियर खाली टाकून, एसीचा जोर कमी करून, धीराने चढावा लागतो.

डिझेल घ्यावे का, याचे उत्तर वर्षाच्या किलोमीटरपेक्षा प्रत्येक फेरीच्या लांबीवर अधिक अवलंबून आहे. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. बाजार, शाळा, दुकान अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांतच जी गाडी राहते, तिचा फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. अशा घराने पेट्रोल किंवा हायब्रिड घ्यावे. काही डिझेल गाड्यांत अ‍ॅडब्लू नावाचे द्रव वेगळ्या टाकीत भरत राहावे लागते; ते आपल्या तालुक्याच्या गावी मिळते का, हे आधी पाहावे.

पुढची चाके ओढणारी गाडी आणि मागची चाके ढकलणारी गाडी यांतला फरक भरलेल्या गाडीत ठळक होतो. मागे माणसे आणि सामान भरले की पुढच्या चाकांवरचा भार तुलनेने कमी होतो, आणि ओल्या चढणीवर पुढच्या चाकांनी चालणारी गाडी घसरू लागते. स्कॉर्पिओ-एन आणि क्रिस्टा यांची मूळ रचना मागच्या चाकांनी चालण्याची आहे. सफारी, अल्काझार, कॅरेन्स, एर्टिगा पुढच्या चाकांनी चालतात. चारही चाकांना ताकद देणारा प्रकार महाग असतो, देखभालीला जड असतो आणि डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्या कुटुंबाला त्याची गरज नसते. तापीकाठच्या काळ्या मातीत तर एक वेगळीच अडचण आहे. ती माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. महामार्गाचे टायर असतील, तर चार चाकांची ताकद असूनही गाडी रुतते. रोजच शेतात जायचे असेल तर चार चाकांच्या ताकदीबरोबर खोल खाचांचे टायरही घ्यावेत, नाहीतर गाडी बांधाजवळच्या पक्क्या रस्त्यावर उभी करावी.

जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीत २०० मिलिमीटरच्या आसपास सांगितली जाते. सात माणसे बसल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि गावोगावच्या उंच गतिरोधकांवर पोट घासते. चाचणीच्या फेरीत सर्वांना बसवून असा एक गतिरोधक मुद्दाम ओलांडून पाहावा.

पायरी सातवी : सुरक्षितता सातही जणांची

गाड्यांच्या धडक-चाचणीची भारतातील योजना, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात मोठ्यांच्या सुरक्षिततेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षिततेला ४९ पैकी गुण दिले जातात. पाच तारे एवढेच न पाहता मुलांचे गुण वेगळे पाहावेत. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले होते, पण मुलांसाठी तीनच.

त्यानंतर गाडीपाशी जाऊन पुढील गोष्टी विचाराव्यात. बाजूच्या पडदा एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का? सातही आसनांना खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा आहे का, की मधल्या माणसाला फक्त कमरेचा पट्टा दिला आहे? लहान मुलाची खुर्ची अडकवण्याचे आयसोफिक्स हूक कोणत्या आसनांवर आहेत? मागचे दार अडचणीच्या वेळी आतून उघडता येते का? मागून धडक बसली तर तिसऱ्या रांगेतील माणूस दाराच्या अगदी जवळ असतो, म्हणून हे प्रश्न सात आसनी गाडीत वरवरचे राहत नाहीत. मांडीवर मूल घेऊन बसण्याची आपल्याकडील सवय सोडावी. जोराच्या ब्रेकला ते मूल हातांत धरून ठेवणे कोणत्याही आईला शक्य होत नाही, आणि १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याची स्वतंत्र खुर्ची नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १,००० रुपये दंडही आहे.

सात आसने म्हणजे सात माणसे. आरसी बुकात आसनसंख्या लिहिलेली असते, आणि लग्नाला जाताना दहा-अकरा जण कोंबून अपघात झाला, तर विम्याचा दावा वादात सापडतो. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची, गाडी भाड्याने दिली तरी तीच वेळ येते. समोर लोखंडी गार्ड लावू नये. केंद्र सरकारने २०१७ मध्येच त्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले आहेत आणि गार्डामुळे एअरबॅगच्या सेन्सरला धडकेचा अंदाज चुकू शकतो.

रात्रीसाठी एक लहानशी पण मोलाची गोष्ट आहे. मागे भार पडला की गाडीचे नाक वर होते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आपल्याला मात्र जवळचा रस्ता दिसत नाही. बहुतेक गाड्यांत चालकाच्या उजव्या गुडघ्याजवळ झोत खाली करण्याची लहान चकती असते. कापसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या हंगामात रात्री रस्त्यावर असतात. सात जण बसल्यावर ती चकती फिरवायला विसरू नये. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा अशा वेळी मदत करू शकते, पण जेथे पट्टेच रंगवलेले नाहीत त्या रस्त्यावर गाडीला पट्ट्यात (लेनमध्ये) ठेवणारी यंत्रणा काही करू शकत नाही.

पायरी आठवी : पैसे आणि कागदपत्रे

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. ट्रायबर आणि बोलेरो यामुळे पहिल्या गटात येतात, बाकीच्या बहुतेक सात आसनी एसयूव्ही दुसऱ्या गटात. त्यावर राज्याचा रस्ता कर असतो : वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि पुढे १३ टक्के, डिझेलला अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हा कर बराच वाढतो, म्हणून दुकानाच्या नावावर घेण्याआधी आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

विम्यात तीन वर्षांचा त्रयस्थ (थर्ड पार्टी) विमा सक्तीचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बाहेरूनही घेता येतो, शोरूमच्या दरापेक्षा तो पुष्कळदा स्वस्त पडतो. घसारा न कापणारे आणि इंजिनात पाणी शिरण्याला संरक्षण देणारे असे दोन जादा जोड (अ‍ॅड-ऑन) मात्र विम्यात घ्यावेत. महामार्गाने वरचेवर जाणाऱ्यांना फास्टॅगचा वार्षिक पास उपयोगी आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३,००० रुपयांत, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत, अशा अटीवर सुरू झाला आणि तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो.

सर्व्हिस सेंटर किती दूर आहे हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. धडगाव किंवा अक्कलकुव्यातील कुटुंबाला प्रत्येक सर्व्हिससाठी धुळे गाठावे लागत असेल, तर त्या गाडीचा खरा खर्च कागदावरच्या खर्चापेक्षा जास्त आहे.

पायरी नववी : ताबा घेण्याआधीची तपासणी आणि पहिली भरलेली फेरी

दसरा, पाडवा किंवा आखाजीच्या मुहूर्तावर गाडी घरी आणायची असेल, तर तपासणी त्या दिवशी ठेवू नये. मुहूर्ताच्या चार-पाच दिवस आधी, पासिंग होण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात गाडी पाहावी. चेसिस क्रमांक कागदाशी जुळवावा, गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते पाहावे, आणि पाचही टायरांवरचा चार अंकी शिक्का वाचावा; २३२५ असे लिहिले असेल तर तो टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातील आहे. स्टेपनी बाकीच्या चाकांच्या मापाची आहे की लहान, ते बघावे. सर्व आसने दुमडून, सर्व पट्टे ओढून, मागच्या जाळ्यांतून हवा येते का ते तपासून मगच पासिंगला होकार द्यावा.

गाडी घरी आल्यावर पहिल्यांदा सात जण बसवण्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा टायरच्या हवेचा तक्ता वाचावा. त्यात कमी भारासाठी आणि पूर्ण भारासाठी असे दोन आकडे असतात, आणि दुसरा आकडा विशेषतः मागच्या चाकांसाठी जास्त असतो. हवा सकाळी टायर थंड असताना भरावी, कारण उन्हात तापलेल्या टायरमध्ये ती जास्त दाखवते आणि प्रत्यक्षात कमी भरली जाते. पहिली भरलेली फेरी घाटात न नेता जवळच्या, ओळखीच्या रस्त्याने, पद्मालय किंवा पाटणादेवीसारख्या ठिकाणी न्यावी. ब्रेक लागायला किती अंतर जास्त लागते आणि ओव्हरटेकला किती वेळ जास्त लागतो, हे चालकाने त्या फेरीत शिकून घ्यावे. घाट उतरताना ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरावे, न्यूट्रल करू नये. त्या फेरीत मागे कोण बसले होते त्यांना घरी आल्यावर विचारावे आणि एसीची जाळी, आसनाचा कल, सामानाची मांडणी त्यांच्या सांगण्याप्रमाणे बदलून घ्यावी. काही कुरकुर, आवाज किंवा हवा न लागण्याची तक्रार असेल तर ती पहिल्या मोफत सर्व्हिसच्या कार्डावर लेखी नोंदवावी, म्हणजे वॉरंटीत ते काम करून घेता येते.